पदर येण्याचे वय

इतिहासाच्या मास्तराने घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये, असा संकेत निदान आमच्या पिढीत तरी होता. तो मी मोडतो आहे, कारण ही घरातली गोष्ट समजून घ्यायला मला शेवटी इतिहासाकडेच जावे लागले. मुलीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिहा बाबा. फक्त माझं नाव घालू नका."

साल २००४, महिना जुलैचा. हैदराबादेत बरकतपुऱ्यात, चमनच्या मागच्या गल्लीत आमचे भाड्याचे बिऱ्हाड होते. मुलगी तिसरीत होती. वय आठ वर्षे दहा महिने. एके दिवशी ती शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसेच ठेवून न्हाणीघरात शिरली आणि बराच वेळ बाहेर येईना. शेवटी आईला आत बोलावून म्हणाली, "मला लागलंय, पण कुठे लागलंय ते सापडत नाहीये."

माझी आई देगलूरची. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. सुनेचा चेहरा बघूनच तिने ओळखले. "पदर आला पोरीला," एवढे बोलून ती खाटेवर बसली आणि रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई स्टीलच्या डब्यात चिम्मिली घेऊन आल्या. तीळ-गूळ कुटून केलेले ते लाडू अशा प्रसंगी मुलीला देतात, हे बरकतपुऱ्यात राहणाऱ्या कुठल्याही मराठी घराला ठाऊक असते. त्यांना कसे कळले, देव जाणे. "फंक्शन कधी करता?" असे त्यांनी अगदी आनंदाने विचारले. बायकोने सांगितले, पोरीला नुसता ताप आहे. डबा तसाच परत गेला. शेजारधर्मात आम्ही बोललेले ते पहिले खोटे.

आता या शब्दांकडेच पाहा. आपण म्हणतो न्हाण आले, पदर आला, शहाणी झाली. वरच्या बाई म्हणत पेद्दमनिषि, म्हणजे शब्दशः मोठे माणूस. समोरच्या घरातल्या दख्खनी बोलणाऱ्या खालाबी म्हणाल्या असत्या, बालिग हो गई. तीन भाषा आणि तिन्हींचे म्हणणे एकच : कालपर्यंत लेकरू होते, आज बाई झाली. आणि इकडे आमची पेद्दमनिषि साताच्या पाढ्याला अडत होती.

आईच्या वेळी हे असे लपवायचे प्रकरण नव्हते. तिचे लग्न १९४३ साली तेराव्या वर्षी झाले. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९३० पासून अमलात आला होता खरा, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. देगलूर निजामाच्या राज्यात. सासरी न्हाण आले तेव्हा तिला मखरात बसवले, ओटी भरली, दारात वाजंत्री वाजली. सगळ्या गावाला कळवायचे, कारण त्या वाजंत्रीचा अर्थ पुढची गर्भाधानाची तयारी असा होता. आपली लग्ने पुढे लांबली, मुली शाळेत गेल्या, तसा तो सोहळा मराठी घरांतून गेला आणि त्याच्या जागी कुजबूज येऊन बसली. तेलुगू शेजाऱ्यांनी सोहळा ठेवला. तो आता ओणीचा, फोटोंचा आणि जेवणावळीचा झाला आहे. दोन्हींत बरे कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. "आपली हवा गरम, त्यात तुम्ही पोरीला अंडी-कोंबडी चारता," म्हणाले. हे सारे मुलीच्या समोर. आम्ही शिकलेसवरलेले नवरा-बायको, पण दोन महिने तिच्या ताटातले अंडे बंद केले. ती आज तीस वर्षांची आहे, तरी ते अंडे काढते.

'गरम हवा' हे शब्द मात्र माझ्या डोक्यात बसले. ते मी कुठेतरी वाचले होते. उष्ण देशातल्या मुली लवकर वयात येतात, हे अठराव्या शतकातल्या युरोपीय पंडितांचे आवडते मत. आणि पुढे आपल्याकडे बालविवाहाच्या समर्थनाला तेच उपयोगी पडले. या मताची चौकशी १८७१ साली केशवचंद्र सेन यांनी केली. मुलीच्या लग्नाचे योग्य वय कोणते, हे त्यांनी हिंदुस्थानातल्या नामांकित डॉक्टरांना पत्राने विचारले. बहुतेकांची उत्तरे चौदा ते सोळाच्या दरम्यान आली. मुंबईहून एका मराठी डॉक्टराने मात्र वीस असे कळवले. ते प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि दादोबा पांडुरंगांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. ऋतू प्राप्त झाला म्हणजे मुलगी लग्नाला योग्य झाली असे होत नाही, हे त्यांचे सांगणे. त्या चौकशीनंतर १८७२ साली जो नोंदणी विवाहाचा कायदा झाला, त्यात मुलीचे वय चौदा धरले.

त्याच मुंबईत आणखी एक डॉक्टर होते, सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत, वनस्पतिशास्त्राचा व्यासंग होता. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोनच हिंदी होते, एक आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे. त्यांनी जयंतीबाई नावाच्या तरुण विधवेशी लग्न केले होते, आणि जयंतीबाईंची पहिल्या घरची मुलगी म्हणजे रखमाबाई, जन्म १८६४.

रखमाबाईंचा खटला आपल्याला ठाऊक असतो. दादाजी भिकाजींनी १८८४ साली बायको नांदायला येत नाही म्हणून केलेली फिर्याद. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तिच्या बाजूने दिलेला निकाल. अपिलात तो फिरणे. मार्च १८८७ मध्ये 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग' हा हुकूम आणि तिने तुरुंग पत्करण्याची दाखवलेली तयारी. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर झालेली तडजोड. मग विलायत, डॉक्टरकी, सुरत आणि राजकोट. मी हे वर्गात पंचवीस वर्षे शिकवले. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मी दर वर्षी एका वाक्यात उरकून पुढे जात असे, ती २००४ च्या त्या पावसाळ्यात पहिल्यांदा नीट वाचली.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्यानंतर सात-आठ महिन्यांत त्यांना ऋतू प्राप्त झाला. रूढीप्रमाणे आता गर्भाधान व्हायला हवे होते. सखाराम अर्जुनांनी ते होऊ दिले नाही. मुलगी घरीच राहिली. त्या काळच्या मानाने बारावे वर्ष काही अवेळी नव्हते, उलट अगदी वेळेवरचे. तरी सावत्र बापाने, जो डॉक्टर होता, ठरवले की शरीराने दिलेली ही खूण म्हणजे मुलीचे वय नव्हे. पुढचा सगळा खटला या एका नकारातून निघाला. खटल्याचा पहिला निकाल सप्टेंबर १८८५ मध्ये लागला. त्याच साली, निकालाच्या आधीच, सखाराम अर्जुन वारले होते.

त्यांना मी देव्हाऱ्यात बसवीत नाही. अकराव्या वर्षी पोरीचे लग्न लावून दिले तेही त्याच घराने. पण एका बाजूने लोकांचा रेटा, दुसऱ्या बाजूने जावयाचे मागणे आणि मध्ये बारा वर्षांची पोर, अशा घरात 'नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या जागी मी स्वतःला रात्र-रात्र उभे करून पाहत असे. माझ्याकडे तर कोणी काही मागायलाही आलेले नव्हते. आला होता तो फक्त चिम्मिलीचा डबा.

यातूनच १८९१ चे संमतिवयाचे प्रकरण मला नव्याने कळले. कलकत्त्यात १८९० साली फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगाने मेली. कायद्यातली मर्यादा दहा वर्षांची, म्हणून नवऱ्यावर मोठा गुन्हा लागू होईना. एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मग मर्यादा बारावर नेण्याचे विधेयक आले आणि १९ मार्च १८९१ रोजी संमत झाले. त्यावर पुण्यात जे रण माजले त्याचे वर्णन करायला नको. टिळक विरोधात, आगरकर 'सुधारका'तून बाजूने, रानडे, तेलंग, भांडारकर बाजूने. टिळकांनी १८९० सालीच मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये अशी सूचना लोकांपुढे ठेवली होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांचा राग सरकारने धर्मात हात घालण्यावर होता. पण वादाचा काटा कुठे रुतला होता? बाराच्या आत ऋतू प्राप्त झालेल्या मुलीवर. तिला न्हाण आले तर शास्त्र म्हणते गर्भाधान करा, आणि कायदा म्हणतो केले तर तुरुंग. अशा मुली किती, त्यांचे प्रायश्चित्त काय, पहिल्याच ऋतूत संस्कार झाला पाहिजे की पुढे ढकलता येतो, यावर भांडारकरांनी संस्कृत ग्रंथांचा काथ्याकूट करून दाखवला की ढकलता येतो. देशातली सगळी विद्वत्ता आमच्या लेकीसारख्या पोरींभोवती फेर धरून उभी होती. त्यांतल्या एकीलाही कोणी विचारले नाही की बाई, तुला काय होते आहे?

आठ वर्षांची गौरी, नऊची रोहिणी, दहाची कन्या आणि पुढे रजस्वला, असा हिशेब आपल्या जुन्या स्मृतीने घालून ठेवला आहे. त्यात वयच शरीर ठरवते. आमच्या घरात त्या दिवशी उलटे झाले होते, शरीर वय ठरवू पाहत होते. दोन्ही हिशेब सारखेच खोटे, असे मला तेव्हा वाटले.

हे सारे मी वाचत असे अफझलगंजच्या राज्य ग्रंथालयात. ते जुने आसफिया, आणि त्याची स्थापनाही १८९१ चीच. योगायोग. बायको म्हणायची, पोरगी घरात घाबरलेली आणि तुम्ही पुस्तकात तोंड खुपसून बसलेले. खरे होते. बाप लोकांना पळायला काही तरी लागते. मला ग्रंथालय मिळाले.

दुसऱ्या डॉक्टर बाई तिनेच शोधल्या. त्यांनी मुलीच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडांचे वय बाराच्या पुढे गेले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून, आमच्याशी नव्हे, मुलीशी बोलत सांगितले : मेंदूत एक छोटे घड्याळ असते, ते ठरावीक वेळी ठोके देते, मग मेंदूखालची ग्रंथी जागी होते आणि शरीर वाढायला लागते. तुझे घड्याळ लवकर वाजले. कोणाची चूक नाही, अंड्याची नाही, हवेचीही नाही. मुलीत आठ वर्षांच्या आत ही वाढ दिसू लागली तर तिला अकाली म्हणतात, आणि आमच्या बाबतीत खुणा सात-साडेसातलाच दिसत होत्या. आम्ही त्याला बाळसे समजत होतो. बहुतेक मुलींत काही कारण सापडत नाही, तरी मेंदूची तपासणी केली. ती स्वच्छ निघाली. भीती होती ती उंचीची, कारण हाडे लवकर पिकली की लवकर थांबतात. त्यावर महिन्याला एक इंजेक्शन होते, त्या घड्याळाला गप्प करणारे. ज्या संप्रेरकावर ते बेतले आहे त्याची रचना १९७१ साली उलगडली आणि त्याबद्दल शॅली व गिलमँ यांना १९७७ चे नोबेल मिळाले. किंमत ऐकून मी घरमालकाकडून उसने घेतले.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो. मुलींचे न्हाण गेल्या दीडशे वर्षांत सगळ्याच देशांत अलीकडे सरकले आहे. युरोपात ते सोळाच्या आसपास होते ते तेरावर आले, आणि त्यामागे मुख्यतः पोटभर अन्न आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा अकाली वयात आलेल्या मुली दवाखान्यात जास्त येऊ लागल्याचे इटलीपासून पुण्यापर्यंतच्या डॉक्टरांनी नोंदवले. म्हणजे हा डबा आता बऱ्याच दारांवरून परत जात असणार.

शाळेत बाईंना सांगितले. त्यांनी दप्तरात जुन्या सलवारीची जोडी ठेवायला सांगितली आणि कोणाला काही कळू दिले नाही. कठीण गेले ते घरात. मुलगी बापाच्या मांडीवर बसायची. आई म्हणे आता नको. मी दोन दिवस ऐकले. तिसऱ्या दिवशी मुलगी खुर्चीच्या बाजूला येऊन नुसती उभी राहिली, बसू की नको असे बघत. मी तिला ओढून बसवले. माझी आई पदराने डोळे पुसत आत गेली. पण संध्याकाळी तीच सागरगोटे घेऊन आली आणि नातीबरोबर फरशीवर खेळायला बसली. कोपऱ्यात बसवायचे, शिवायचे नाही, हे तिने त्या घरात एकदाही सुचवले नाही. तिने ते कधी सोडले, हे मी विचारले नाही.

इंजेक्शने दोन वर्षे चालली. पाळी थांबली. अकराव्या वर्षी डॉक्टर बाई म्हणाल्या, आता घड्याळाला चालू द्या. साडेबाराव्या वर्षी मुलगी शाळेतून आली, दप्तर जागेवर ठेवले आणि आईला म्हणाली, "आलं. मी बघते माझं."

वरच्या मजल्यावरच्या बाई तोवर दिलसुखनगरला राहायला गेल्या होत्या. बायकोने स्वतः फोन करून कळवले. रविवारी त्यांचा मुलगा स्कूटरवर डबा घेऊन आला. तोच स्टीलचा होता की दुसरा, हे आठवत नाही. आईने त्यातला पहिला लाडू नातीला दिला आणि दुसरा स्वतः घेतला. तिला मधुमेह होता, तरी कोणी काही बोलले नाही.