कराची ते जुहू : तेव्हा जवळ, आता लांब

आपल्या लोणंदकरांना विमान दिसतं ते डोक्यावरनं जाताना. परवा स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या कॉलेजच्या पोरानं मोबाईलवर बघून विचारलं, "काका, मुंबई ते कराची अंतर फक्त नऊशे किलोमीटर, मग विमान दुबईवरून का दाखवतंय?" प्रश्न साधा होता, पण उत्तर इतिहासात आहे.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान घेऊन सकाळी निघाले. सोबत टपालाची पिशवी, वजन २५ किलो. वाटेत अहमदाबादला थांबले. तिथं इंधनाचे डबे आले बैलगाडीतून! आणि दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलंसुद्धा. म्हणजे साधारण सात तास. टाटांची विमानसेवा, म्हणजे पुढची एअर इंडिया, इथून सुरू झाली.

त्या वेळी कराची परकी नव्हती. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे आपलं लोणंद आणि कराची एकाच इलाख्यात, आणि शेजारचं फलटण मात्र वेगळ्या संस्थानात! कराचीतली जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं चालते.

फाळणी झाली, युद्धं झाली, तरी वाट पूर्ण बुजली नव्हती. १९८२ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांच्या जेआरडींनी पुन्हा कराची-मुंबई विमान चालवलं. अगदी काही वर्षांपूर्वीपर्यंत थेट विमानही होतं.

आता नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जणांचा जीव गेला, त्यात आपल्या महाराष्ट्राचेही होते. त्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. कराचीला जायचंच म्हटलं तर आधी दुबई, मग उलट मागं. नऊशेचे झाले तीन हजार किलोमीटर. जेट विमान असून, मधला मुक्काम धरला तर १९३२ पेक्षा कमी वेळ लागेलच असं नाही!

दहशतवादाला माफी नाही, यात दुमत नाही. सातारा जिल्ह्यातल्या घराघरांत फौजी आहेत, त्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. पण एक गोष्ट मनाला लागते. इंजिन कितीही वेगवान झालं तरी गावं जवळ येतात ती माणसांच्या भरवशावर. तो तुटला की बैलगाडीच्या काळातलं अंतरसुद्धा कमी वाटायला लागतं.

त्या पोराला एवढंच म्हटलं, "बाळा, अंतर तेवढंच आहे. वाट बंद झालीय."

मंडळी, तुमच्या घरात कुणी आजोबा-पणजोबा नोकरीधंद्याला कराचीला होते का? असतील तर त्यांच्या आठवणी खाली नक्की लिहा. सांगणारी पिढी आता थोडीच उरलीय.