कॅमेरा दुरुस्त करायचा की दुसरा घ्यायचा?

हिंदुस्थानातला पहिला देशी बनावटीचा सिनेकॅमेरा कोल्हापुरात तयार झाला, हे बऱ्याच मराठी वाचकांना माहीत असते. तो तयार का करावा लागला, याची चर्चा मात्र कमी होते.

त्या काळी कॅमेरा म्हणजे विलायतेचा माल. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, यांनी रायली ब्रदर्स या इंग्रज कंपनीकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. काही वर्षांनी त्यांनी तो विकून टाकला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. परतल्यावर भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली आणि ती लोकांना दाखवली. फाळक्यांच्या मागे कसे का होईना, पण कर्ज उभे राहिले. ज्याच्यामागे तेही उभे राहणार नाही, त्याने काय करायचे?

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री, घरात सुतारकामाचे कसब. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि या दोघांना सिनेमाने झपाटले. त्यांनी मुंबईच्या चोर बाजारातून एक जुना प्रोजेक्टर आणला आणि खेळ दाखवायला सुरुवात केली. माझ्या मते या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. सिनेकॅमेरा आणि प्रोजेक्टर ही आतून भावंडे आहेत. ल्युमिएर बंधूंचे तर एकच यंत्र दोन्ही कामे करी. फिल्मच्या कडेला असलेल्या भोकांत एक नखी अडकते, फिल्म बरोबर एका चित्राएवढी खाली ओढते, क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते, आणि पुन्हा तेच. ओढ केसभर कमीजास्त झाली तरी पडद्यावर चित्र थरथरते. जुने यंत्र रोज चालवायचे, अडले की उघडायचे, घासायचे, पुन्हा बसवायचे, असे करणाऱ्याच्या बोटांना हे गणित पुस्तकाशिवाय कळते.

आनंदराव १९१६ मध्ये वारले. काम अर्धे राहिले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. महायुद्धाची ती वर्षे. विलायतेतून यंत्र मागवणे तेव्हा किती जिकिरीचे असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. तानीबाई कागलकर यांनी पैसा घातला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला.

याच कंपनीत एक मुसलमान चित्रकार घडला, कागलचे शेख फत्तेलाल. सिनेमासृष्टीत त्यांना साहेबमामा म्हणत. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ चा, आणि पुढच्याच वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबांचा सिनेमा करणाऱ्या दोघांपैकी एक शेख होता, हे सांगितले की आजची मुले चकित होतात. त्या काळच्या कोल्हापुरात यात चकित होण्यासारखे काही नव्हते. कारखान्यात माणसाची पारख कसबावर होत असे.

हे सगळे आठवायला निमित्त झाला माझा भाचा. त्याच्याकडे त्याच्या दादांचा पेन्टॅक्स के-१००० आहे. उमरेड आणि आसपासच्या गावांतली कितीतरी लग्ने त्या कॅमेऱ्याने पाहिली. आता खटका पुढे सरकत नाही, शटर अडकलेले. नागपुरातल्या एका दुकानदाराने उघडूनही न पाहता सांगितले, फेकून द्या. भाच्याने मला विचारले, “मामू, दुरुस्त करू की दुसरा घेऊ?”

मी त्याला उलट विचारले, तुला फोटो काढायचे आहेत की दादांचा कॅमेरा चालवायचा आहे? वरवर दोन्ही एकच वाटतात, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. नुसते रोलवर फोटो काढायचे असतील, तर त्याच जातीचा चालू कॅमेरा जुन्या बाजारात मिळतो. के-१००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, त्यामुळे तो दुर्मीळ नाही. पेंटर बंधूंनी चोर बाजारातला प्रोजेक्टर देव्हाऱ्यात ठेवला नव्हता. त्यांना पडद्यावर चित्र हवे होते.

दादांचाच कॅमेरा चालवायचा असेल, तर आधी तो कोणत्या पिढीचा आहे ते पाहावे लागते. के-१००० चे शटर कापडी पडद्यांचे आणि पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला, बॅटरी काढून टाकली तरी फोटो निघतो. असा कॅमेरा बहुधा तेल सुकून चिकट झाल्याने, धुळीने किंवा एखादा दात अडकल्याने बंद पडतो. मागच्या दाराचा आणि आरशाजवळचा फोम वितळून डांबरासारखा होतो, तो खरवडून नवा लावता येतो. भिंगावरची बुरशी वेळीच पुसली तर जाते; काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर डाग राहतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांचे तसे नाही. त्यातली सर्किटची पट्टी जळली की पट्टीच हवी, आणि ती आता कोणी बनवत नाही. तिथे दुकानदाराचे म्हणणे खरे ठरते. एक मधला मार्गही आहे, जुन्या कारागिरांचा आवडता: त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा स्वस्तात घ्यायचा आणि दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायचा. फक्त तो उघडणारा हात जाणता हवा. यूट्यूब पाहून स्प्रिंग उडवून बसलेले बहाद्दर मला ठाऊक आहेत.

उमरेडकरांना हा प्रश्न तसा नवा नाही. १९०८ पासून धावणारी आपली नागपूर-नागभीड छोटी रेल्वे २०१९ मध्ये बंद झाली, रूळ रुंद करण्यासाठी. छोटी गाडी राखावी की मोठी आणावी, यावर पानटपऱ्यांवर तावातावाने वाद होत. दोन्ही बाजूंचे खरे होते. कोळसा, मिरची आणि रोजचे नोकरदार यांना मोठी गाडीच हवी. पण रूळ उखडल्यावर छोट्या इंजिनाचा मिस्त्री आणि त्याचा हुन्नर कुठे जातो, हे त्या वादात कोणी विचारले नाही.

कॅमेऱ्याचेही तेच झाले. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, ‘इंदू’ नावाचा रोल तिथे बने. तो बंद पडला. डिजिटल आल्यावर गावोगावच्या स्टुडिओंतल्या अंधाऱ्या खोल्यांत झेरॉक्स मशीन बसले आणि कॅमेरे उघडणारे हात मोबाइलच्या दुकानांत गेले. म्हणून आज दुरुस्तीचा खर्च कधीकधी कॅमेऱ्याच्या किमतीएवढा होतो. यंत्र महाग झालेले नाही, ते जाणणारा माणूस दुर्मीळ झाला आहे.

भाच्याला मी एवढेच सांगितले की आधी कॅमेरा जाणत्या कारागिराला उघडून पाहू दे, आणि खर्च ऐकून मग ठरव. आकडा दुसऱ्या के-१००० च्या वर गेला, तरी मी दुरुस्तच करून घेईन. फक्त एका अटीवर: कारागिराच्या शेजारी बसून प्रत्येक स्क्रू कुठून निघाला, ते वहीत लिहून घ्यायचे.