कळंबोलीचा लोखंडबाजार आणि देण्यांचे दप्तर

मुंबईच्या कर्नाक बंदरात व दारूखान्यात दाटीवाटीने नांदणारा लोखंडाचा व्यापार शहराबाहेर न्यावा, या धोरणाने १९८३ साली बाजारांच्या स्थाननियमनाचा कायदा झाला, आणि पनवेलच्या वेशीवर, सिडकोच्या कळंबोलीत, गोदामे, वजनकाटे व ट्रक यांचा जो विस्तीर्ण पसारा उभा राहिला, त्याच्या कथेत व्यापारी येतात, माथाडी येतात. परंतु आलेल्या मालाचे बिल पडताळून पैसे चुकते करणारा हिशेबनीस सहसा येत नाही.

त्याची परंपरा मात्र बाजाराहून पुष्कळ जुनी आहे. पेशवाईत सरकारी देणे अनेकदा रोख न देता एखाद्या महालाच्या वसुलावर वरात, म्हणजे त्या वसुलातून पैसे देण्याचा हुकूम, करून भागविले जाई. आणि मुजुमदाराने जमाखर्च तपासावा, फडणिसाने तो दप्तरी दाखल करावा, पोतनिसाने शिलकेचा हिशेब राखावा व पोतदाराने नाणे पारखावे, अशी जी कामांची वाटणी होती, तीत ज्याच्या हाती रोकड त्याच्याच हाती मंजुरी असू नये, ही दक्षता स्पष्ट दिसते. नाना फडणविसांचे राजकारण आपण आवडीने वाचतो, पण फडणिशी ही मुळात हिशेबाची असामी होती याचा विसर पडतो, आणि तो मला खटकतो.

लोखंडाच्या धंद्यात ही दक्षता अधिकच लागते, कारण माल वजनावर विकला जातो आणि वजने दोन असतात. सळईचा मिलिमीटरमधील व्यास वर्ग करून १६२ ने भागला की एका मीटरचे किलो निघतात. म्हणजे १२ मिलिमीटरची, १२ मीटर लांब सळई हिशेबाने सुमारे १०.६७ किलो भरली पाहिजे. परंतु भरलेली गाडी आणि रिकामी गाडी काट्यावर चढवून जो फरक निघतो, तो या हिशेबाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. अशा वेळी ऑर्डरीत कोणते वजन ठरले होते, काट्याची पावती काय सांगते, गोदामात किती माल उतरला आणि बिल कशाचे आले, हे सर्व कागद शेजारी शेजारी मांडून, तफावत असेल तेवढी रक्कम रोखून बाकीची बिनदिक्कत मोकळी करणे, हे मुरलेल्या माणसाचे काम. नवखा संपूर्ण बिलच अडवून बसतो.

त्यात उतराईचा हिशेब निराळा. १९६९ च्या माथाडी कायद्यान्वये मजुरी व तिच्यावरील लेव्ही कामगार मंडळाकडे भरावी लागते, आणि माथाड्याच्या भविष्यनिर्वाह निधीची, रजेची, बोनसाची तरतूद त्या लेव्हीतून होते. म्हणून हे चलान इतर बिलांच्या गठ्ठ्यात पडून राहता कामा नये.

मुदतीचे भान तर हुंडीपासूनचे. दर्शनी हुंडी दाखविताच आणि मुदती हुंडी मुदत भरताच सकारावी, हा पेढ्यांचा रिवाज १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेही मोडला नाही. पुढे २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे देणे फार तर ४५ दिवसांत द्यावे, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे, असे ठरविले. आणि जीएसटीत १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास घेतलेली करवजावट परत करावी लागते. तरीही शेजारच्या तळोज्याच्या लहान कारखानदाराला पगाराच्या तारखेआधी पैसे मिळावेत म्हणून त्याचे बिल चाळिसाव्या दिवसाची वाट न पाहता वर काढणारा हिशेबनीस मला कायद्याहून मोठा आधार वाटतो.