सूर्य पाहावा कसा ?

ग्रहण आलें कीं परातींत हळदीचें पाणी घेऊन त्यांत ग्रस्त सूर्य पाहण्याची चाल आपल्याकडे आहे. पण ही युक्ति एकट्या आपलीच नव्हे. प्लेटोच्या ‘फीडो’ नामक संवादांत सॉक्रेटिस म्हणतो कीं, ग्रहणाचे वेळीं सूर्य पाण्यांत न पाहतां थेट पाहणारे कित्येक जण डोळे बिघडवून घेतात. म्हणजे सुमारें २४०० वर्षांपूर्वींच मनुष्यास हा धोका कळला होता.

परंतु प्रतिबिंब तरी निर्धोक असतें काय ? न्यूटननें तरुणपणीं आरशांतील सूर्य एका डोळ्यानें वारंवार पाहिला. पुढें जिकडे पाहावें तिकडे त्यास सूर्याचाच भास होऊं लागला, आणि तीन दिवस अंधाऱ्या खोलींत कोंडून घेणें भाग पडलें. ही हकीगत त्यानें १६९१ सालीं तत्त्वज्ञ लॉक यास पत्रानें कळविली. पाण्यामुळें तेज आरशापेक्षां पुष्कळच घटतें हें खरें; पण डोळ्यांनीं निःशंक पाहावें इतकें घटत नाहीं.

खरा मार्ग निराळाच निघाला. अकराव्या शतकांत इब्न अल्-हैथम यानें, ग्रहणकाळीं लहान छिद्रांतून आलेल्या प्रकाशानें समोर सूर्याची कोर कां उमटते, याचा शास्त्रीय विचार केला. पुढें गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली यानें दुर्बिणीमागें कागद धरून त्यावर सूर्यबिंब पाडण्याची युक्ति काढली, आणि १६१२ सालीं गॅलिलिओनें त्याच रीतीनें सूर्यावरील डागांचीं चित्रें रेखाटलीं. सूर्य पाहून तो आंधळा झाला, असा प्रवाद आहे. पण त्याची दृष्टि गेली ती त्यानंतर सुमारें २५ वर्षांनीं, वृद्धापकाळीं.

येथील भेद ध्यानांत घ्यावा. प्रतिबिंब पाहतांना सूर्याचेच किरण डोळ्यांत शिरतात. कागदावरील बिंब पाहतांना आपण केवळ कागद पाहतों, सूर्य पाठीशीं असतो.

हा भेद क्षुल्लक नाहीं. डोळ्यांतील भिंग सूर्याचें तेज दृष्टिपटलावर एकवटतें, आणि त्या पटलास वेदना ठाऊक नाहीं. इजा कळते ती कांहीं तासांनीं. आणि मग तिजवर खात्रीचा उपाय नाहीं. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म किंवा काळा चष्मा यांनीं उजेड मंदावतो, परंतु अदृश्य किरण आंत जाऊं शकतात. शिवाय डोळे दिपत नाहींत म्हणून मनुष्य निर्धास्तपणें टक लावून बसतो. प्रत्यक्षच पाहावयाचें असेल तर आय. एस. ओ. १२३१२-२ या मानकास उतरलेला, ओरखडा नसलेला ग्रहणचष्माच वापरावा. आणि तो लावूनहि दुर्बिणीस डोळा लावूं नये.

मुलांना मात्र घरांत कोंडण्याचें कारण नाहीं. पुठ्ठ्यास टांचणीनें भोंक पाडावें, सूर्याकडे पाठ करावी आणि पुठ्ठ्यांतून येणारा प्रकाश कागदावर घ्यावा. तेंहि जमलें नाहीं तर अंगणांतील कडुनिंबाखालीं उभें राहावें. पानांच्या फटींतून ग्रस्त सूर्याच्या शेंकडों कोरा जमिनीवर उतरलेल्या असतात. त्या पाहण्यास पैसा पडत नाहीं, आणि डोळेहि शाबूत राहतात.