वारा पडला की मोठं शीड कामाचं नाही

अंजनगाव सुर्जी म्हटलं की १८०३ चा तह आठवतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी आज विषय पॅराविंगचा. पॅराविंग म्हणजे दोऱ्यांनी धरायचा कापडी पंख: सांगाडा नाही, हवा भरणं नाही. बोर्डाखाली पाण्यात फॉइल असतो, वेग आला की तो बोर्डाला वर उचलतो.

सगळे विचारतात, वारा कमी असेल तर पंख मोठा घेऊ का? मला उत्तर खांदेरीत सापडतं.

१६७९ च्या ऑगस्टमध्ये मायनाक भंडारींच्या माणसांनी मुंबईजवळच्या या बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी जहाजं आणून नाकेबंदी केली. तोफा भारी, पण वारा पडला की जहाज जागचं हलेना. मराठ्यांच्या होड्या हलक्या, उथळ. शीड लोंबलं की वल्ही चालत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची 'डव्ह' गुराब मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज'ने चाल परतवली खरी, पण रात्री रसद बेटावर पोचतच राहिली. खांदेरी काही सुटली नाही.

आम्ही कोडवाले म्हणतो, सर्व्हर वाढवण्याआधी लोड कमी कर. इथंही तेच. आधी फॉइलचा पुढचा पंख मोठा घ्या, म्हणजे कमी वेगातही बोर्ड उचलतो. मग पायांनी पंप मारायला शिका. तीच तुमची वल्ही. पॅराविंग फार मोठा घेतलात तर लाटेवर गुंडाळून हातात धरणं जड जातं, आणि मजा तर त्यातच आहे.

पुढच्या भागात कान्होजी आंग्रे. ऐकत राहा!