विश्लेषण : जेडाय चांगले, सिथ वाईट, मग बाकीचे कोण? ‘द क्लोन वॉर्स’मधली ‘ग्रे’ पात्रं

‘स्टार वॉर्स’च्या चित्रपटांत बाजू ओळखणं सोपं असतं. लाइटसेबर लाल असेल तर माणूस वाईट, निळा किंवा हिरवा असेल तर चांगला. २००८ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’ या अ‍ॅनिमेटेड मालिकेची सुरुवातही अशीच झाली. २०२० मध्ये डिस्ने प्लसवर तिचा सातवा आणि शेवटचा सीझन आला, तोवर एकूण १३३ भाग झाले होते आणि ही रंगांची विभागणी बरीच पुसट झाली होती. ती कुणी आणि कशी पुसली, ते पाहू. (पुढे कथानकातले महत्त्वाचे तपशील आहेत.)

‘ग्रे’ म्हणजे नक्की काय?

वाईट वागून शेवटी सुधारणारं पात्र म्हणजे ‘ग्रे’ नव्हे. ज्याचं कृत्य चुकीचं आहे पण कारण पटतं, किंवा कारण चुकीचं आहे पण कृत्यातून कुणाचा तरी जीव वाचतो, अशा पात्राला ही छटा असते. या मालिकेचं कथानक युद्धाचं असल्यामुळे तिथे अशा पात्रांना भरपूर जागा मिळाली. एका बाजूला गणराज्य, दुसरीकडे विभाजनवादी आणि दोन्हींची सूत्रं गुपचूप एकाच माणसाच्या, पॅल्पटिनच्या हातात. म्हणजे प्रामाणिकपणे लढणारा प्रत्येक जण मुळात फसवला गेलेला आहे.

असाज व्हेंट्रेस : दोन्हीकडून पैसे घेणारी

व्हेंट्रेस सुरुवातीला सरळसरळ खलनायिका आहे, काउंट डूकूची मारेकरी. तिसऱ्या सीझनमध्ये तिचा भूतकाळ कळतो. लहानपणीच तिला एका गुन्हेगाराच्या हवाली करण्यात आलं. पुढे की नॅरेक या जेडायने तिला वाढवलं, शिकवलं, पण तोही मारला गेला. नंतर डूकूनेच, स्वतःच्या गुरूच्या आदेशावरून, तिला संपवायचा प्रयत्न केला.

चौथ्या सीझनमधल्या ‘बाउंटी’ या भागात ती भाडोत्री शिकाऱ्यांच्या टोळीत आहे. एक पेटी एका बड्या धेंडाकडे पोहोचवायची, एवढंच काम. पेटीत जबरदस्तीच्या लग्नासाठी पळवलेली मुलगी असल्याचं तिला वाटेत कळतं. ती मुलीला सोडवते, पण तिच्या भावाकडून त्याचे पैसे घेते. मग टोळीचा म्होरक्या बोबा फेटलाच त्या पेटीत कोंबून ती पेटी ‘पोहोचवते’ आणि ठरलेली रक्कमही घेते. हा उदारपणा म्हणायचा की धंदा? मालिका उत्तर देत नाही, आणि बरंच करते.

समुद्री चाच्यांची आठवण करून देणारा होंडो ओनाका याच जातकुळीतला, फक्त जास्त विनोदी. डूकूला खंडणीसाठी पकडतो आणि डूकू खरंच कैदेत आहे का याची खात्री करायला आलेल्या ओबी-वान आणि अनाकिनलाही डांबून ठेवतो. त्याला बाजू नाही, फक्त नफा आहे.

आज्ञा पाळणं हा गुन्हा ठरतो तेव्हा

मालिकेचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग अंबारा ग्रहावरच्या चार भागांचा आहे (२०११). पाँग क्रेल हा जेडाय सेनापती क्लोन सैनिकांना अक्षरशः मरायला पाठवतो. आज्ञा मोडून शत्रूचं रसदपुरवठा करणारं जहाज उडवणाऱ्या फाइव्ज आणि जेसीला तो गोळ्या घालण्याची शिक्षा देतो. तिची अंमलबजावणी करणाऱ्या तुकडीचं नेतृत्व डॉग्मा नावाचा सैनिक करतो. त्याचा नियमांवर गाढ विश्वास आहे. तो ‘फायर’ म्हणतो, पण बाकीचे मुद्दाम नेम चुकवतात.

मग क्रेल क्लोन सैनिकांच्या दोन तुकड्यांना फसवून एकमेकांवर गोळीबार करायला लावतो. सत्य बाहेर येतं : गणराज्य कोसळणार हे त्याला दिसलंय आणि त्याला डूकूचा शिष्य व्हायचंय. कैदेतल्या क्रेलला मारायला कॅप्टन रेक्सचा हात धजत नाही. गोळी झाडतो तो डॉग्मा, आणि त्यासाठी त्यालाच बेड्या घालून नेलं जातं.

डॉग्मावर रागवायचं की त्याची दया करायची? त्याला आज्ञा पाळण्यासाठीच जन्माला घातलं होतं. त्याने पाळली तेव्हा तो मित्रांचा मारेकरी ठरत होता, मोडली तेव्हा नि:शस्त्र कैद्याचा. लहान मुलांचा कार्यक्रम म्हणून याकडे पाहणाऱ्यांनी हे चार भाग जरूर पाहावेत. मूल फार लहान असेल तर आधी एकट्यानेच.

बॅरिस ऑफी चुकली, पण कशात?

पाचव्या सीझनच्या शेवटी जेडाय मंदिरात बॉम्बस्फोट होतो. आळ असोका टानोवर येतो. तिचे स्वतःचे लोक तिला संघातून काढून लष्करी न्यायालयाच्या हवाली करतात. खरी गुन्हेगार निघते तिची मैत्रीण बॅरिस, स्वभावाने शांत आणि रुग्णांवर उपचार करणारी जेडाय. भर न्यायालयात ती सांगते की या युद्धाला जेडायही जबाबदार आहेत आणि ते स्वतःची वाट चुकले आहेत.

गंमत अशी की ती चुकीचं बोलत नाही. पुढच्या घटना तिचं म्हणणं खरं ठरवतात. पण त्या स्फोटात निरपराध माणसं मेली, आणि तिने मैत्रिणीला फाशीच्या दारापर्यंत नेलं. असोकाची निर्दोष सुटका होते, जेडाय तिला परत बोलावतात. ती नकार देते आणि मंदिराच्या पायऱ्या उतरून निघून जाते. या सगळ्या प्रकरणात फरार असोकाला मदत केलेली असते ती व्हेंट्रेसने. तीही फुकट नव्हे, माफी मिळवून देण्याच्या बोलीवर.