मागचा अंडरस्कोर

बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ यंत्रासाठी सी भाषेचा कंपायलर घडला, तेव्हा त्यात एक साधी सोय होती: सीमधल्या प्रत्येक फंक्शनच्या नावापुढे कंपायलर अंडरस्कोर लावी, म्हणजे असेंब्लीतल्या नावांशी गल्लत नको. १९७८ मध्ये तिथेच स्टुअर्ट फेल्डमन आणि पीटर वाइनबर्गर यांनी फोर्ट्रान ७७ चा कंपायलर केला. आता दोन्ही भाषांचा माल एकाच लिंकरपुढे येणार, आणि लिंकरला भाषा कळत नाही, तो नुसती नावं जुळवतो. पुढचा अंडरस्कोर दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या सबरूटीनला ‘रीड’ नाव दिलं, की सी लायब्ररीतल्या ‘रीड’शी टक्कर ठरलेली. म्हणून फोर्ट्रानच्या नावांना त्यांनी मागून अंडरस्कोर जोडला.

पण ही बेल लॅब्जच्या युनिक्सच्या घरातली सोय होती. यंत्रं बनवणाऱ्या बाकीच्यांना कोणी विचारलं नव्हतं. क्रेच्या महासंगणकांवर नाव सगळं कॅपिटलमध्ये, शेपटी नाही. आयबीएमच्या एआयएक्सवर लहान अक्षरं, तिथेही शेपटी नाही. फोर्ट्रानचं सीमध्ये रूपांतर करणाऱ्या १९९० च्या एफटूसीने तर मूळ नावात आधीच अंडरस्कोर असेल तर मागे दोन लावले. त्यामुळे सीमधून फोर्ट्रान बोलावणाऱ्या पॅकेजांत ‘अ‍ॅड_’, ‘अपकेस’, ‘नोचेंज’ अशा फांद्या आल्या. यंत्र बदललं की फांदी बदलायची.

नाव जुळलं तरी काम संपत नाही. फोर्ट्रान मूल्य नाही, पत्ता देतो. मॅट्रिक्स ओळीओळीने नाही, स्तंभास्तंभाने मांडतो. आणि अक्षरमाला दिली, की तिची लांबी गुपचूप वेगळी पाठवतो, बहुतेक कंपायलरांत यादीच्या शेवटी. लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या फोर्ट्रान लायब्ररीतल्या कितीतरी रूटीनना ‘यू’ किंवा ‘एल’ असं एकच अक्षर लागतं: त्रिकोण वरचा की खालचा. लांबी नेहमी एकच, मग पाठवायची कशाला, असं म्हणून सीवाल्यांनी ती गाळली. वर्षानुवर्षं खपून गेलं. २०१९ मध्ये मात्र जीफोर्ट्रान कंपायलरच्या नव्या आवृत्त्या त्या न पाठवलेल्या लांबीची स्टॅकवरची जागा आपलीच समजून वापरू लागल्या आणि बोलावणाऱ्याचाच डेटा पुसला जाऊ लागला. आर भाषेलाही फटका बसला. शेवटी कंपायलरमध्ये पळवाट ठेवावी लागली आणि आरने आपली सीमधली हाकही दुरुस्त केली. नियमाने चूक सीवाल्यांची. पण इतकी वर्षं एकही यंत्र हटकत नसेल, तर नियम पाळणार कोण?

फोर्ट्रान २००३ ने ‘बाइंड सी’ आणून नाव ठरवण्याचा अधिकृत मार्ग दिला. नव्या कोडला तो उपयोगी पडला. जुन्या लायब्रऱ्यांची नावं बदलायला मात्र कोणी धजलं नाही, कारण त्यांच्यावर अख्खं संख्यात्मक गणित उभं आहे. ओपनब्लास लायब्ररीतला मॅट्रिक्स गुणाकार आज सी आणि असेंब्लीत लिहिलेला आहे, सायपाय तो पायथनमधून वापरतं, तरी लिंकरपुढचं नाव ‘डीजीईएमएम_’च. ज्युलिया भाषेला ६४ बिटांचे पूर्णांक हवे होते, तर तिने ‘डीजीईएमएम_६४_’ केलं. मॅकवर सीची जुनी खूणही टिकून आहे, त्यामुळे तिथे ‘डीजीईएमएम’ला पुढून एक आणि मागून एक असे दोन्ही अंडरस्कोर लागतात.